शिस्त म्हणजे सोसणं नव्हे



निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरच्या गोष्टींची अपेक्षा असते. आज मी मैदानाबद्दल बोलणार आहे. ही व्याख्यानमाला ऐकणारे तुम्ही कुणी इंदूरला आहात, कुणी बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, दिल्लीला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातलं एखादं मूल पहाटे किट बॅग खांद्याला लावून मैदानावर, तरणतलावावर किंवा तालमीत जातं. काहींची मुलं तर घरापासून शेकडो मैल दूर, आपली भाषा न बोलणाऱ्या गावात, हॉस्टेलवर राहून सराव करतात. खेळाच्या नावाखाली अशा मुलांवर अत्याचार होतात. लैंगिक होतात, मारहाणीचे होतात, अपमानाचे होतात. त्यांचं रक्षण कसं करायचं, हा आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी कडक सरावाच्या विरोधात नाही. माझं उभं आयुष्य शिस्तीत गेलं. सैन्यात खेळाला किती मान आहे ते तुम्ही जाणता. पुण्याचं आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून चालू आहे, आणि बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांत कोवळ्या वयाची मुलं घर सोडून येतात. घाम गाळल्याशिवाय पदक मिळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण शिस्त ही आधी अधिकार असणाऱ्याला लागू होते, मग हाताखालच्याला. हा क्रम उलटा झाला की तिला शिस्त म्हणत नाहीत, दहशत म्हणतात.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांचं रक्षण चांगल्या माणसाच्या भरवशावर सोडू नका. ते नियमानं करा.

प्रत्येक पलटणीत शस्त्रागार असतं. आम्ही त्याला 'कोत' म्हणतो. रायफल बाहेर काढायची तर नोंद, परत ठेवायची तर नोंद. मोजणी ठरलेली, सही ठरलेली. वीस वर्षं नोकरी झालेला, छातीवर पदकं असलेला सुभेदार असला तरी सही चुकत नाही. कमांडिंग ऑफिसरच्या पिस्तुलाचीही नोंद होते. 'माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणून कुणी रुसलेलं मी पाहिलं नाही. ती मोजणी अविश्वासातून होत नाही, वस्तू जोखमीची आहे म्हणून होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आता मला सांगा, रायफलीची एवढी काळजी घेणारे आपण, मूल मात्र 'सर फार चांगले आहेत हो' एवढ्या एका वाक्यावर कसं सोपवतो?

एक प्रकरण सांगतो. तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल.

१९९० साल. चंदीगडला लागून असलेलं हरियाणातलं पंचकुला. रुचिका गिऱ्होत्रा नावाची चौदा वर्षांची मुलगी टेनिस खेळायची. हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, आणि ते त्याच वेळी पोलीस दलात महानिरीक्षक होते. तुमच्या मुलीला विशेष प्रशिक्षण देऊ, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि तिला भेटायला बोलावलं. १२ ऑगस्टला ती मैत्रिणीला घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेली. त्यांनी मैत्रिणीला कोचला बोलवायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि रुचिकाचा विनयभंग केला. मैत्रीण परत आली तेव्हा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तक्रार झाली. राज्याच्या पोलीस महासंचालकांनीच चौकशी केली आणि सप्टेंबर १९९० मध्ये गुन्हा नोंदवावा असा अहवाल दिला. गुन्हा नोंदला गेला डिसेंबर १९९९ मध्ये, तोही उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिल्यावर. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत काय झालं? तक्रारीनंतर काही आठवड्यांत मुलीला शाळेतून काढलं गेलं. तिच्या भावावर वाहनचोरीचे गुन्हे दाखल झाले, ज्यातून पुढे न्यायालयानं त्याला मुक्त केलं. डिसेंबर १९९३ मध्ये रुचिकानं आपलं जीवन संपवलं. आणि ज्यांच्यावर आरोप होता ते बढती घेत घेत राज्याचे पोलीस महासंचालक झाले.

डिसेंबर २००९ मध्ये शिक्षा लागली: सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. देश हळहळला. २०१० मध्ये वरच्या न्यायालयानं ती दीड वर्षं केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण वय लक्षात घेऊन, भोगून झालेली साधारण सहा महिन्यांची कैद पुरेशी मानली. घटनेपासून शेवटच्या निकालापर्यंत सव्वीस वर्षं.

गणवेश घातलेला माणूस म्हणून मला हे प्रकरण फार बोचतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण हळहळून उपयोग नाही. यातून काय शिकायचं ते पाहू.

पहिलं, आमिष काय होतं? चॉकलेट नव्हतं, धमकी नव्हती. 'विशेष प्रशिक्षण' होतं. खेळाडू मुलाला आणि त्याच्या आईबापांना जे हवं असतं, नेमकं तेच. दुसरं, एकटं गाठलं कसं? साधं निमित्त काढून मैत्रिणीला बाहेर पाठवलं. तिसरं, तक्रार करायची कुणाकडे? संघटना त्यांचीच, पोलीस खातंही त्यांचंच. चौथं, पहिली शिक्षा कुणाला झाली? मुलीला. आणि पाचवं, जे विसरून चालणार नाही: ही केस उभी राहिली ती त्या मैत्रिणीमुळे आणि तिच्या आईवडिलांमुळे. स्वतःच्या घरचं प्रकरण नसताना ते कुटुंब दोन दशकं लढलं. साक्षीदार डगमगला नाही, म्हणून दोष सिद्ध झाला.

'हे भारतातच होतं, परदेशात व्यवस्था चोख असते,' असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण घ्या. लॅरी नासर हा तिथल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्यानं वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. कधी कधी आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असायचे, तो त्यांच्या आड उभा राहायचा. इतका विश्वास. तो जिथे नोकरीला होता त्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कोचला मुलींनी १९९७ सालीच सांगितलं होतं, पण ते तिथेच दाबलं गेलं. २०१५ मध्ये महासंघानं एफबीआयला कळवलं. तिथेही दिरंगाई झाली आणि त्या काळात तो मुलींना तपासतच राहिला. २०१६ मध्ये एका वृत्तपत्रानं वाचा फोडली आणि एक माजी खेळाडू स्वतःच्या नावानिशी पुढे आली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयात सात दिवस दीडशेहून जास्त जणींनी उभं राहून आपली कहाणी सांगितली. त्यात ऑलिंपिक विजेत्या होत्या. शिक्षा झाली चाळीस ते एकशे पंच्याहत्तर वर्षांची.

ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी मुलगी हिमतीत कमी असते का? नाही. तरीही ती वर्षानुवर्षं बोलू शकत नाही. असं का होतं?

कोचच्या हातात काय काय असतं ते मोजा. संघात कोण खेळणार, कोण बाकावर बसणार. कॅम्पला कुणाचं नाव जाणार. खेळाच्या कोट्यातली नोकरी, शिष्यवृत्ती, हॉस्टेलची जागा. आहार, झोप, वजन, घरी फोन कधी करायचा, हे सगळं एका माणसाच्या मर्जीवर. आपल्याकडे त्यात गुरूचं स्थानही येतं. तालमीत वस्तादाच्या पाया पडूनच आखाड्यात उतरायचं. ही रीत चांगली आहे, मला प्रिय आहे. पण पाया पडणारं मूल 'हे चूक आहे' असं म्हणायला कचरतं, हेही तितकंच खरं.

आणि दुसरं ओझं आपण घालतो, आईबाप. 'तुझ्यासाठी गाव सोडलं', 'तुझ्या रॅकेटसाठी कर्ज काढलं', 'आईनं बांगड्या मोडल्या'. मूल हे सगळं ऐकत असतं. आपण तोंड उघडलं तर हे सगळं वाया जाईल, हा हिशेब बारा वर्षांचं मूलही करतं. मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

अत्याचार करणारा माणूस बहुधा घाईत नसतो. तो आधी मूल हेरतो: वडील लांब नोकरीला आहेत, घरी भांडणं आहेत, पैशाची ओढाताण आहे. मग त्याला 'स्पेशल' करतो. जास्तीचा सराव, नवे बूट, गाडीवरून घरी सोडणं. पालकांशी घरोबा करतो, जेवायला येतो. मग छोटी छोटी गुपितं सुरू होतात: 'हा मेसेज डिलीट कर', 'घरी सांगू नकोस, इतरांना वाईट वाटेल'. स्टान्स दुरुस्त करायच्या निमित्तानं हात लागतो, आणि मूल काय करतं ते तो बघतो. मूल गप्प राहिलं की पुढची पायरी. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नका. पण गुपित आणि एकांत या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सावध व्हा. चांगल्या प्रशिक्षणाला या दोन्हींची गरज नसते.

मुलग्यांबद्दल मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य आता बंद करा.

आता मारहाणीकडे येतो. 'मारल्याशिवाय पैलवान घडत नाही' असं म्हणणारे आजही भेटतात. दक्षिण कोरियात हेच चालत होतं. तिथली बावीस वर्षांची ट्रायथलॉन खेळाडू चोई सुक-ह्यॉन. संघातली मारहाण आणि वजनावरून होणारा छळ तिनं पोलिसांना सांगितला, क्रीडा संस्थांना सांगितला. कुणी वेळेवर हललं नाही. जून २०२० मध्ये तिनं जीव दिला, त्यानंतर तिथला कायदा बदलला. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, मूल ताब्यात असणाऱ्यानं त्याला मारहाण केली, छळलं, तर तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दहा फेऱ्या जास्त पळायला लावणं आणि कानफटात मारणं यात फरक आहे. पहिल्यातून दम वाढतो. दुसऱ्यातून मूल एवढंच शिकतं की ताकदवानानं हात उचलला तर तो सोसायचा. जे मूल हे शिकलं, ते पुढे दुसराही अत्याचार मुकाट सोसतं. म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही.

कायदा काय सांगतो? रुचिकाच्या वेळी मुलांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो आहे. अठराच्या आतलं प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, त्यात येतं. त्यातल्या तीन गोष्टी पाठ करा. एक, कलम १९. अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. दोन, कलम २१. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 'अकादमीचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' म्हणणारा सचिव स्वतःच आरोपी ठरतो. तीन, कलम २४. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि पोलीस गणवेशात नसतात. 'पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील' ही भीती बाळगू नका.

महिला खेळाडूंसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही आहे. स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं त्यात 'कामाचं ठिकाण' धरलं आहे आणि अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे. तरीही २०२३ मध्ये, कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या होत्या तेव्हा, तीसपैकी निम्म्या राष्ट्रीय महासंघांत ही समिती नियमाप्रमाणे नसल्याच्या बातमीची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला दखल घ्यावी लागली. कुस्तीतला खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण तक्रार ऐकणारी समितीच नसेल तर मुलींनी रस्त्यावर बसायचं नाही तर कुठे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. तरतूद कागदावरून मैदानात उतरवणं आता आपल्या हातात आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मूल अठराच्या आतलं असेल तर अकादमीची चौकशी समिती पोलिसांची जागा घेऊ शकत नाही. आधी पोलीस, मग समिती.

आता कोतचे नियम मैदानाला लावू. पाच सांगतो. कुठल्याही क्लबला हे विचारा.

एक, एकांत नाही. कोच आणि मूल जिथे असतील ते इतरांना दिसलं पाहिजे आणि कुणालाही मध्ये जाता आलं पाहिजे. नासर प्रकरणानंतर अमेरिकेत हाच नियम झाला. 'पालकांनी सराव बघायला यायचं नाही' असा फलक लावणाऱ्या अकादमीला कारण विचारा.

दोन, मसाज, फिजिओ, वैद्यकीय तपासणी. दुसरी मोठी व्यक्ती हजर हवी, पालकांची आधी संमती हवी, आणि काय करणार ते मुलाला समजेल अशा भाषेत सांगितलेलं हवं.

तीन, फोन. कोचचा निरोप पालक असलेल्या ग्रुपवर यावा. मुलाला रात्री अकराला खासगी मेसेज नको.

चार, दौरा. कोच आणि मूल एका खोलीत कधीही नाही. मुलींबरोबर महिला कोच किंवा व्यवस्थापक हवीच. जून २०२२ मध्ये परदेश दौऱ्यावरच्या एका महिला सायकलपटूनं कोचविरुद्ध तक्रार केली. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं त्याचं कंत्राट संपवलं आणि महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला कोच सक्तीची केली. जिल्हा पातळीच्या संघानंही हा नियम पाळायला काय हरकत आहे?

पाच, तक्रारीची वाट कोचच्या दारातून जाऊ नये. निवृत्तीनंतर एका निवासी केंद्राची पाहणी करायला गेलो होतो, नाव सांगत नाही. तक्रारपेटी होती, छान रंगवलेली. लावली होती मुख्य प्रशिक्षकाच्या केबिनबाहेर, आणि किल्ली त्यांच्याच खिशात. पेटी कधी उघडली विचारलं, तर म्हणाले, 'साहेब, आमच्याकडे तक्रारच नसते.' नसणारच! पेटी कॅन्टीनजवळ लावा, किल्ली बाहेरच्या दोन व्यक्तींकडे द्या, त्यातली एक महिला असू द्या. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लिहा.

काही चांगले कोच मला म्हणतात, 'साहेब, अशानं आमच्याकडे संशयानं बघतील. कुणी खोटी तक्रार केली तर?' त्यांना माझं उत्तर असं: नियम तुमचंही रक्षण करतात. दार उघडं होतं, दुसरी व्यक्ती हजर होती, मेसेज ग्रुपवर होता, असं असेल तर खोटा आरोप टिकणार कसा? कोतची नोंदवही चोराला पकडते आणि प्रामाणिक माणसाला सोडवते.

शेवटी घरातलं. समजा मुलानं सांगितलं. ते एका दमात सांगत नाही. 'मला उद्या जायचं नाही', 'सर मला आवडत नाहीत', एवढंच म्हणतं. तेव्हा 'आळशी झालास' म्हणू नका. जवळ बसा आणि ऐका. 'तू गेलीसच कशाला?', 'इतके दिवस गप्प का राहिलास?' हे प्रश्न विचारू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा. तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. कोचला जाब विचारायला धावू नका, त्यानं तो सावध होतो. मेसेज, फोटो जपून ठेवा. मग पोलीस किंवा १०९८.

आणि एक चूक टाळा. आपण घाबरून म्हणतो, 'बास, उद्यापासून खेळ बंद.' मुलाला यातून काय कळतं? गुन्हा त्यानं केला, शिक्षा मला. पुढच्या वेळी ते सांगत नाही. मैदानावर जे मूल अत्याचार सोसून गप्प आहे ते बऱ्याचदा एवढ्याचसाठी गप्प आहे, की खेळ सुटेल. म्हणून काहीही घडण्याआधी, आजच रात्री जेवताना, मुलाला सांगा: 'कुणी काही चुकीचं केलं तर आम्हाला सांग. आम्ही कोच बदलू, क्लब बदलू, गरज पडली तर गाव बदलू. तुझा खेळ थांबणार नाही.' हे वाक्य मुलाच्या मनात पक्कं असेल तर अत्याचार करणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार बोथट होतं.

दुसऱ्याच्या मुलाबद्दल कळलं तरी अळीमिळी गुपचिळी करू नका. रुचिकाच्या मैत्रिणीचं घर आठवा. ते कुटुंब म्हणालं नाही, 'आपल्याला काय करायचंय?'

या रविवारी मुलाला सोडायला जाल तेव्हा लगेच गाडी वळवू नका. पंधरा मिनिटं थांबा. इतर पालकांशी बोला, आणि मी सांगितलेले पाच प्रश्न मिळून विचारा. एकटा पालक विचारतो तेव्हा तो 'त्रासदायक' ठरतो. दहा जण विचारतात तेव्हा तो नियम होतो.

जय हिंद.